अठरा उन्हाळ्यांची पट्टी

ज्या कापडातून आकाश दिसतं, त्याच्या आडोशाला तुम्ही पावसात बसाल का?

नोरझोम म्हणाली, “मी तर नाही बसणार.”

मोला चिमे हसली. तिला तीनच दात उरले होते आणि हसताना ती तिन्ही दाखवत असे.

“बसलीच आहेस की,” ती म्हणाली.

नोरझोमने मान वर केली. डोक्यावर याकच्या केसांचा काळा तंबू ताणलेला होता. विणीच्या फटींतून उन्हाचे बारीक ठिपके खाली उतरत होते. चुलीवर, चहाच्या भांड्यावर, तिच्या स्वतःच्या हातांवर...

“पाऊस आला की?” तिने विचारलं.

“आला की बघ,” मोला म्हणाली.

मोला म्हणजे आजी. त्या पठारावर बारा तंबू होते आणि बाराही तंबूंतली माणसं चिमेला मोलाच म्हणत.

नोरझोम तिथे शिकायला आली होती. तसं तिला विणकाम शिकवायची गरज नव्हती. तळ्याकाठच्या गावात गालिच्यांचा कारखाना होता, तिथे ती सात वर्षं मागावर बसली होती. तिच्या गालिच्यावर भांडंभर पाणी ओतलं तरी ते बराच वेळ वरच थांबायचं. गिऱ्हाइकांना ती स्वतः ओतून दाखवायची.

पण तिचे वडील पांढऱ्या तंबूत राहत होते. बाजारातून आणलेल्या, कापडी.

तिची आई त्यांच्या खोऱ्यातली शेवटची विणकरीण. ती गेली. तिच्यामागे काळा तंबू कडेने झिजत गेला आणि एका हिवाळ्यात फाटला.  वडील त्यावर एकदाच म्हणाले, “या पांढऱ्यात मला झोप लागते, पण घरी झोपल्यासारखं वाटत नाही.”

नोरझोम वडिलांना पाला म्हणे. ती म्हणाली, “पाला, एका उन्हाळ्यात शिकून येते.”

“तीन घे,” वडील म्हणाले.

तिला तेव्हा राग आला होता.

* * *

मोलाच्या कमरपट्ट्यात एक थापी खोचलेली असे. मागावर आडवा धागा ठोकून बसवायची लाकडाची पट्टी, हातभर लांब. चार पिढ्यांच्या हातांनी ती शिंगासारखी गुळगुळीत झाली होती. दूध काढताना, शेण थापताना, झोपतानासुद्धा ती मोलाच्या कमरेला असायची.

पठारावरचा रिवाज असा, की थापी जिच्या हाती दिली, तिनेच तंबूची पट्टी विणायची. दुसऱ्या कुणी विणलेली पट्टी तंबूला कुणी जोडत नसे. वडिलांसाठी काळा तंबू उभा करायचा, तर नोरझोमला थापी हवी होती.

मोलाला मुलगी नव्हती. थोरला मुलगा थारगे आणि त्याची बायको सोन्की तिच्याजवळ राहत.

“माझे हात दुधाला चांगले आहेत,” सोन्की स्वतःच सांगायची. “मागावर बसले की धागे मला बघून पळतात.”

“धागेच नाही,” थारगे म्हणायचा.

पहिल्याच दिवशी मोलाने अट सांगितली.

“दोन वर्षं कातशील. तिसऱ्या वर्षी एक पट्टी विणशील. ती या तंबूत राहिली, तर थापी तुझी.”

“आणि नाही राहिली तर?”

“तर नाही.”

“दोन वर्षं नुसतं कातायचं?” नोरझोम म्हणाली. “मोला, मला कातता येतं.”

मोलाने तिच्या हातात केसांचा पुंजका ठेवला.

“मग लवकर होईल,” ती म्हणाली.

* * *

चहा झाला तशी मोलाने पिठाची पिशवी पुढे ओढली. भाजलेल्या सातूचं पीठ, त्सांपा. वाटीत घालून, लोणी घालून, बोटांनी मळून खायचं.

नोरझोमचं लक्ष पिठाकडे नव्हतं. ती पिशवी बघत होती.

पिशवी याकच्या केसांचीच, काळी, जुनी, लोण्याने चकाकणारी. पण वीण अशी घट्ट की नखसुद्धा शिरू नये. तिने पिशवी उचलून झटकली. पिठाचा एक कण बाहेर आला नाही.

“ही कुणी विणली?”

“होती एक मुलगी,” मोला म्हणाली. “फार हुशार.”

“आता कुठे असते?”

“इथेच कुठेतरी.”

नोरझोमने पिशवी खाली ठेवली. कारखान्यात सात वर्षं काढूनही इतकी घट्ट वीण तिने पाहिली नव्हती. मनात म्हणाली, मी हिच्याहून घट्ट विणेन.

तिने ते मनातच ठेवलं. पण तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं, असं सोन्की पुढे पुष्कळ वर्षं सांगत असे.

* * *

दोन वर्षं ती काततच राहिली.

उन्हाळा लागला की याकच्या पोटाखालचे लांब केस कापायचे. मऊ लोकर वेगळी काढायची, तिचे अंथरायला नमदे. राठ केस तंबूसाठी. मग सगळं घर कातायला लागे. थारगे याकांमागून चालता चालता टकळी फिरवायचा. शेजारच्या तंबूत गप्पा मारायला गेला तरी टकळी बरोबर. कातायचं सगळ्यांनी, विणायचं मात्र बायकांनी, अशीच तिथली वाटणी.

शरद ऋतूत कळप खाली उतरे. हिवाळ्याच्या खोऱ्यात वारा अडवायला शेणामातीच्या भिंती होत्या. तिथे चुलीभोवती बसून कातायचं. वसंतात वासरं होत, धुळीचा वारा सुटे, आणि त्या वाऱ्याकडे पाठ करून जमिनीवर माग मांडायचा. बर्फ वितळलं की पुन्हा वर, उन्हाळ्याच्या कुरणात. नव्या पट्ट्या तिथे पोचल्यावर जोडायच्या.

दर वर्षी दोन पट्ट्या. तंबूच्या मध्यावर धूर जायची लांब फट असते, तिच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. त्या आत आल्या की बाकीच्या सगळ्या एकेक जागा खाली सरकत. अगदी कडेच्या, जमिनीला टेकलेल्या दोन जुन्या पट्ट्या निघत.

“एका बाजूला अठरा पट्ट्या,” थारगेने तिला दाखवलं. “अठरा उन्हाळे. माझ्या पणज्याच्या पणज्याचा तंबू हा. आणि यातला एकही केस अठरा वर्षांहून जुना नाही.”

“मग पणज्याचा कसा?”

“बाई,” थारगे छाती पुढे काढून म्हणाला, “कारखान्यात हे शिकवत नाहीत वाटतं?”

त्याने बोट लावून एकेक वर्ष मोजलं. ही पट्टी माझ्या लग्नाची. ही, लांडग्यांनी सात वासरं नेली त्या वर्षाची. ही बघ.

ही पट्टी बाकीच्यांहून अरुंद होती. तिच्यात तांबूस केस मिसळलेले.

“मोठ्या बर्फाचं वर्ष. दोनशे याक होते, एकसष्ट राहिले. केस पुरेनात. घोड्यांच्या शेपट्या कापून घातल्या आम्ही.”

“वाईट दिसते,” नोरझोम म्हणाली.

“दिसते खरी.” थारगेने पट्टीवरून हात फिरवला. “पण त्या वर्षीही आम्ही पट्टी विणली. बारा तंबूंपैकी पाचांनी नाही विणली.”

* * *

तिसऱ्या वसंतात मोलाने कमरेची थापी काढून तिच्या हातात दिली.

“उसनी,” ती म्हणाली. “संध्याकाळी परत.”

एक पट्टी मोलाने विणायची, एक नोरझोमने. थापी एकच. सकाळी मोला, दुपारी नोरझोम.

नोरझोमची थापी पडायची तेव्हा आवाज पलीकडच्या तंबूपर्यंत जायचा. ठक. ठक. ठक. प्रत्येक आडव्या धाग्याला ती पाच वेळा ठोकायची. तिला ती पिशवी आठवत असे.

मोला एकदाच ठोकायची. तेही असं, जणू झोपलेल्या वासराला थोपटते आहे.

नोरझोमने मोलाच्या पट्टीखाली हात धरून पाहिला. हाताची बोटं दिसत होती.

संध्याकाळी तिने सोन्कीला गाठलं.

“अचा,” ती हळूच म्हणाली. तिथे मोठ्या बहिणीला अचा म्हणतात. “मोलांना आता दिसत नाही का?”

“पलीकडच्या डोंगरावरचं वासरू कुणाचं ते सांगते ती. का?”

“मग हात थकले असतील. वीण सैल पडते आहे.”

सोन्की तिच्याकडे बघत राहिली. मग द्रीचं दूध काढायला निघून गेली. याकच्या मादीला तिथे द्री म्हणतात. जाताना तिचे खांदे हलत होते. हसते आहे की काय, ते नोरझोमला कळलं नाही.

पट्ट्या पुऱ्या झाल्या. नोरझोमने आपली मोलासमोर उलगडली. काळी, एकसारखी, फळीसारखी ताठ.

थारगेने वाकून पाहिलं. त्याने शीळ घातली.

“बाई, ही पट्टी आहे की दार?”

“गालिच्यावर ओतून बघतात तसं बघा,” नोरझोम म्हणाली. “पाणी ओता.”

मोलाने पाणी ओतलं नाही. तिने पट्टीचं टोक उचललं, तोंडावर धरलं आणि त्यातून श्वास घेतला.

मग पट्टी खाली ठेवली.

“कशी आहे, मोला?”

मोलाने पट्टीची गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली.

“शिव,” ती म्हणाली.

* * *

उन्हाळ्याच्या कुरणात पोचायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी धूप पेटवून डोंगराला पहिला धूर दाखवला, मग तंबू उलगडला.

दोन जुन्या पट्ट्या निघाल्या. एकीचे दोर होणार होते, दुसरीची खोगिराखालची घडी.

नोरझोमने दाभण घेतलं. मोलाची पट्टी धुराच्या फटीच्या उजवीकडे, तिची डावीकडे, चुलीच्या बरोबर वर. टाकेही तिने बारीक आणि ओढून घातले. तंबू ताणून उभा झाला तेव्हा ती दूर जाऊन उभी राहिली.

डावीकडची पट्टी वेगळीच उठून दिसत होती. काळीभोर. उजवीकडून ऊन गळत होतं, डावीकडून एक ठिपकाही नाही.

“चौथ्या दिवशी घोड्यांच्या शर्यती आहेत,” ती सोन्कीला म्हणाली. “बाराही तंबूंतले लोक चहाला येतील ना इथे?”

“येतील.”

“बघतील.”

“डोळे असतील तर बघतीलच,” सोन्की म्हणाली.

आत चूल पेटली. धूर वर गेला. उजव्या बाजूने तो विणीतूनच निघून गेला, जसा नेहमी जातो. डावीकडे मात्र तिथेच गोळा झाला आणि खाली वळला.

थारगेला खोकला आला. सोन्कीला आला. नोरझोमने दाबून धरला.

“हे शहरातलं आहे का?” थारगे डोळे पुसत म्हणाला. “धूरसुद्धा जपून ठेवायचा?”

“नवीन आहे,” नोरझोम म्हणाली. “पाऊस येऊ द्या, अजो. मग बोला.”

अजो म्हणजे थोरला भाऊ. ती त्याला एरवी मान देऊन बोलायची. त्या दिवशी आवाज चढला होता.

मोला पीठ मळत होती.

* * *

पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आधी गारा, बोराएवढ्या. मग पाणी.

सगळे आत धावले. चुलीवर सकाळचं दूध तापत होतं.

पहिल्या सरीला मोलाच्या पट्टीतून बारीक तुषार आत आले. सोन्कीच्या गालावर, थारगेच्या टोपीवर. नोरझोमच्या बाजूला सगळं कोरडं.

नोरझोमने मोलाकडे पाहिलं. ती बोलणार नव्हती, पण राहवलं नाही.

“पाहिलंत, मोला?”

“बघते आहे,” मोला म्हणाली.

तुषार कमी झाले. मग थांबले. केस भिजले, फुगले, एकमेकांना जाऊन भिडले. जिथून मघाशी आकाश दिसत होतं, तिथून आता काहीच दिसत नव्हतं. पाणी पट्टीवरून घरंगळून कडेला चाललं होतं.

नोरझोमच्या पट्टीतले केसही भिजले. तेही फुगू लागले. पण त्यांना फुगायला जागा नव्हती.

आधी कुठेतरी करकर असा आवाज आला.

थारगेने वर पाहिलं. डावीकडची पट्टी आखडत होती. शेजारच्या पट्टीला ती स्वतःकडे ओढत होती. मध्ये सुरकुत्या पडल्या, सुरकुत्यांत पाणी साचलं, पोट खाली आलं...

टाके एकापाठोपाठ एक सुटले.

हंडाभर पाणी चुलीवर पडलं. राख उडाली, दूध सांडलं, विस्तव विझला.

 बाहेर पाऊस वाजत होता. नोरझोम राखेचे शिंतोडे अंगावर घेऊन उभी होती.

शेवटी थारगेनेच तोंड उघडलं.

“कापडातून मात्र एक थेंब नाही आला,” तो म्हणाला. “खरं ते सांगितलं पाहिजे.”

सोन्कीने त्याला कोपर मारलं.

* * *

पाऊस गेला, ऊन पडलं. थारगे आणि सोन्की कळप बघायला गेले.

नोरझोमने कमरेची सुरी काढली आणि तंबूच्या दोराला हात घातला.

“काय करतेस?” मोलाने विचारलं.

“उसवते.”

“पट्टी?”

“हो.”

“काढलीस तर थापी नाही.”

नोरझोमचा हात थांबला. मग ती म्हणाली, “नको मला थापी.”

“वडिलांना काय सांगशील?”

“सांगेन की नाही जमलं.” तिने सुरी दोरावर टेकवली. “पण ही पट्टी इथे राहू देणार नाही. परवा बारा तंबूंची माणसं येतील. मध्यावर, चुलीच्या वर... माझ्या हातची अशी वस्तू त्यांनी बघायची?”

“हो.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी एक जागा खाली. तरी दिसेलच.”

“अठरा वर्षं?”

“अठरा.”

“मोला, मी दुसरी विणते. आता कळलं मला. सैल विणते, एकदाच ठोकते. राहिलेले केस आहेत. दहा दिवसांत...”

“पुढच्या वर्षीची पुढच्या वर्षी विण.”

“आणि यंदाची?”

“यंदाची विणून झाली.”

नोरझोम सुरी धरून उभीच राहिली.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही तोंडाला लावून पाहिलीत. श्वास येत नव्हता ना त्यातून? तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू ऐकलं असतंस?”

नोरझोमने नजर सुरीकडे वळवली. तिला खोटं बोलता येत नसे.

मोला उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. ती आत गेली आणि पिठाची पिशवी घेऊन बाहेर आली. सोन्कीच्या मोठ्या लाकडी परातीत तिने सगळं पीठ ओतलं. रिकामी पिशवी नोरझोमपुढे धरली.

“उलटी कर.”

“काय?”

“आतलं बाहेर कर.”

नोरझोमने सुरी खोचली आणि पिशवीत हात घातला. पिशवी ताठ होती, उलटायला जोर लागला. पिठाचा पांढरा धुरळा उडाला. मग ती उलटी झाली.

आतल्या बाजूला दोन्ही काठांवर भोकं होती. दाभणाची, जुनी, ओळीने. तंबूच्या शिवणीची भोकं.

एका जागी ती भोकं फाटून एकमेकांत मिसळली होती. वीतभर. आणि त्यावर पुन्हा टाके घातल्याच्या खुणा होत्या. आधी एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा...

नोरझोमने त्या वीतभर जागेवरून बोट फिरवलं. वर पाहिलं. तिच्या पट्टीची उसवलेली जागाही तेवढीच होती.

“ही पिशवी नव्हती,” ती म्हणाली.

“नव्हती.”

“ती हुशार मुलगी...”

मोलाने तीन दात दाखवले.

“एकोणीस वर्षांची होते. माझी थापी पाच वेळा नाही, सात वेळा पडायची.”

नोरझोम खाली बसली. ओल्या गवतावरच.

“तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“अठरा वर्षं काहीच नाही म्हणाल्या.” मोला तिच्याशेजारी बसली. “फक्त माझी बसायची जागा त्या पट्टीखाली ठेवली. पट्टी खाली सरकली की मीही सरकायचे. पाहुणे आले की विचारायचे, ही सून इथे ओल्यात का बसते? सासूबाई म्हणायच्या, ती तिची जागा आहे.”

“राग नाही आला तुम्हाला?”

“पाऊस आला की यायचा.”

कुरणात थारगेची शीळ ऐकू आली. याक वर चढत होते, काळे, ओले, एकामागे एक.

“अठरा वर्षं मी ती शिवण शिवत होते,” मोला म्हणाली. “दर उन्हाळ्यात. टाके कसे घालायचे, ते मला या पट्टीने शिकवलं. कुठे सैल सोडायचं, कुठे धरायचं. या पठारावर बारा तंबू आहेत. ज्याची शिवण सुटते, तो मला बोलावतो.”

हे ती अशा आवाजात म्हणाली, की नोरझोमने वळून तिच्याकडे पाहिलं. मोलाची मान ताठ होती. तिला एवढ्या ताठ मानेने बसलेलं नोरझोमने कधी पाहिलं नव्हतं.

“मग ती कडेला आली,” मोला म्हणाली. “निघाली. सासूबाईंनी हातात घेतली आणि तिची पिशवी शिवली. त्या घरात तोवर पीठ सांडायचं. चामड्याच्या पिशवीतूनही सांडायचं. हिच्यातून कधी सांडलं नाही.”

नोरझोमच्या मांडीवर पिशवी होती. आतलं अजून बाहेरच होतं.

“मी या पिशवीसारखी पट्टी विणली,” ती हळू म्हणाली.

“हो.”

“पट्टीसारखी पट्टी विणायची होती.”

मोलाने तिच्या मांडीवरचा पिठाचा धुरळा झटकला.

बराच वेळ गेला. तंबूवरून पाणी ठिबकत होतं. ऊन तापलं तशी मोलाची पट्टी वाळू लागली आणि तिच्यातून पुन्हा आकाशाचे ठिपके दिसायला लागले.

नोरझोम उठली. तिने सुरी म्यानात घातली. आत जाऊन दाभण आणि दोरा घेऊन आली.

“शर्यतीच्या दिवशी थारगे अजो सगळ्यांना सांगतील,” ती म्हणाली.

“सांगेल. घोड्यावरूनच सांगेल.”

“कुणी विचारलं, ही पट्टी कुणाची, तर...”

“तर?”

नोरझोमने उसवलेल्या शिवणीकडे पाहिलं. मग मान वर केली.

“तर मी सांगेन, माझी.”

तिने पहिला टाका घातला. ओढला. थांबली. आणि थोडा सैल सोडला.

मोलाने पिशवी सुलटी केली, परातीतलं पीठ पुन्हा तिच्यात भरलं आणि तोंड बांधलं. मग चुलीतली ओली राख काढून तिने नवा विस्तव पेटवला. चहा झाल्यावर आतून हाक मारली.

“पोरी, आत ये. आणि तिकडे नाही, इकडे बस. चुलीपाशी, तुझ्या पट्टीखाली.”

नोरझोम येऊन बसली. वरून एक थेंब तिच्या मानेवर पडला.

तिने वर पाहिलं. “मोला, हिची पिशवी होईल तेव्हा तुम्ही असाल का?”

मोलाने तिच्या वाटीत पीठ घातलं. पिशवी झटकली. एक कण सांडला नाही.

“मी आहेच की,” ती म्हणाली. “चहा पी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोला द्रींचं दूध काढायला गेली, तेव्हा थापी तिच्या कमरेला नव्हती.